यंत्राकडून यंत्राची परीक्षा

१९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी, भारतातील अनेक विमानतळांवर एक चमत्कारिक दृश्य दिसत होते. संगणकांचे पडदे निळे पडून निश्चल झाले होते, आणि विमान कंपन्यांचे कर्मचारी उतारूंना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. कित्येक उड्डाणे रद्द झाली. जगाच्या इतर भागांत तर रुग्णालये, बँका आणि दूरचित्रवाणी केंद्रेही या गोंधळात सापडली. प्रथम अनेकांना हा कोणा शत्रूचा हल्ला वाटला. वस्तुतः हल्लेखोरांपासून संगणकांचे रक्षण करणाऱ्या आज्ञावलीनेच ते बंद पाडले होते.

क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने तयार केलेल्या या रक्षक आज्ञावलीचे नाव फाल्कन. तिच्यासाठी एक छोटीशी पुरवणी त्या दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर धाडण्यात आली आणि ७८ मिनिटांनी मागे घेण्यात आली. तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लक्ष संगणक बंद पडले. बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू करावा, तर तो तीच पुरवणी वाचून पुन्हा बंद पडे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन ती फाइल काढून टाकावी लागली.

साहजिकच कोणीही विचारील, की या पुरवणीची चाचणी झाली नव्हती काय? उत्तर असे, की पुरवणी एका स्वयंचलित तपासनिसाच्या हातून गेली होती आणि तिने सर्व कसोट्या पार केल्या होत्या. म्हणूनच ही घटना नीट समजून घेण्याजोगी आहे.

स्वयंचलित चाचणी म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. समजा, रेल्वेचे भाडे आकारणारी एक आज्ञावली आहे. पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही, पाच पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत अर्धे तिकीट आणि पुढे पूर्ण, असा नियम तिला घालून दिला आहे. तिची परीक्षा घेणारा माणूस वयाच्या रकान्यात चार, पाच, अकरा, बारा असे आकडे भरून उत्तर बरोबर येते की नाही ते पाहील. चुका बहुधा अशा सीमेवरच दबा धरून बसलेल्या असतात. परंतु आज्ञावलीत दररोज काही ना काही फेरफार होत असतो, आणि एका ठिकाणचा फेरफार दुसऱ्याच ठिकाणी मोडतोड करतो. दर खेपेस हीच परीक्षा हाताने घेणे कंटाळवाणे आणि खर्चाचे होते. तेव्हा प्रश्न आणि त्याचे अपेक्षित उत्तर, दोन्ही एका दुसऱ्या आज्ञावलीत लिहून ठेवायचे आणि परीक्षा घेण्याचे काम यंत्रावरच सोपवायचे, ही ती युक्ती.

ही कल्पना जुनी असली, तरी तिला घरोघरीचे रूप आले ते गेल्या सुमारे तीस वर्षांत. १९९७ साली केंट बेक आणि एरिख गामा या दोन संगणकतज्ज्ञांनी झुरिकहून अ‍ॅटलांटाला जाताना विमानातच ‘जेयुनिट’ नावाचे चाचणीचे साधन लिहिण्यास आरंभ केला. आज्ञावलीच्या प्रत्येक लहान भागाची वेगळी परीक्षा घेण्याची सवय त्याने असंख्य लेखकांना लावली. २००४ साली शिकागोत जेसन हगिन्स यांनी ‘सेलेनियम’ तयार केले. ते पडद्यावरील बटणे माणसाप्रमाणे दाबून पाहते. (या क्षेत्रातील एका मातब्बर कंपनीच्या नावात पारा होता, आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा मानला जातो, नावामागे एवढी थट्टा आहे.) आता मोठ्या संस्थांत एक ओळ बदलली, तरी हजारो चाचण्या आपोआप चालतात आणि काही मिनिटांत निकाल हाती येतो. या सोयीवाचून आजचा व्यवहार चालणे कठीण आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

अडचणी मात्र येथूनच सुरू होतात. पडद्यावरील एखादे बटण जरा बाजूला सरकले, की ते शोधणारी चाचणी नापास होते, जरी मूळ कामात काहीच बिघडलेले नसले तरी. काही चाचण्या तर लहरी निघतात: तीच आज्ञावली, तेच प्रश्न, आणि तरीही सकाळी उत्तीर्ण व दुपारी अनुत्तीर्ण. गूगलने २०१६ साली दिलेल्या माहितीप्रमाणे त्यांच्याकडील सुमारे १६ टक्के चाचण्यांत थोडीफार लहर आढळली. आणि पूर्वी उत्तीर्ण होणारी चाचणी एकाएकी अनुत्तीर्ण झाली, अशा प्रसंगांपैकी ८४ टक्के प्रसंगांत लहरी चाचणीचा संबंध होता. याचा परिणाम माणसांवर होतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दहा वेळा खोटी ठरलेली लाल खूण अकराव्या वेळी खरी असली, तरी कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही.

याहून गंभीर अडचण वेगळी आहे, आणि तिच्यासाठी पुन्हा फाल्कनकडे वळले पाहिजे. संशयास्पद हालचाली ओळखण्यासाठी या आज्ञावलीत एक नवा नमुना आखण्यात आला होता. त्यात २१ रकाने होते. पण त्या रकान्यांना माहिती पुरविणारा आज्ञावलीचा भाग २० रकान्यांपुरतीच माहिती पुरवीत होता. मार्च २०२४ मध्ये या नमुन्याची चाचणी झाली, तेव्हा एकविसाव्या रकान्यात ‘येथे काहीही चालेल’ अशा अर्थाचे चिन्ह होते. काहीही चालणार असेल, तर पाहायचे कशाला? त्यामुळे आज्ञावली त्या रकान्याकडे फिरकलीच नाही आणि चाचणी निर्विघ्न पार पडली. एप्रिलमधील पुरवण्यांतही तेच घडले. १९ जुलैच्या पुरवणीत मात्र एकविसाव्या रकान्यात प्रथमच एक निश्चित अट आली. आज्ञावली ती पडताळण्यासाठी एकविसावे मूल्य शोधू लागली, ते नव्हतेच. संगणकाच्या स्मृतीतील भलत्याच जागी तिचा हात पडला, आणि ती यंत्राच्या अगदी गाभ्यात काम करीत असल्याने सगळे यंत्रच कोसळले.

पुरवण्या तपासणारा स्वयंचलित तपासनीस या वेळी काय करीत होता? तोही २१ मूल्ये पुरविली जातात, असेच धरून चालला होता. परीक्षार्थी ज्या गैरसमजात होता, त्याच गैरसमजात परीक्षकही होता.

असा प्रकार पूर्वीही घडला आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली एरियान-४ वरून जशीच्या तशी उचललेली होती. आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ३२,७६७ या मर्यादेच्या आत राहील, असे तिच्यात गृहीत होते. जुन्या रॉकेटच्या बाबतीत ते खरे होते. नवे रॉकेट अधिक वेगवान होते. मुख्य यंत्रणा बिघडल्यास उपयोगी पडावी म्हणून दुसरी जोडलेली होती, पण तिच्यातही तीच आज्ञावली असल्याने दोघींनी एकाच कारणाने मान टाकली. नव्या रॉकेटचा मार्ग गृहीत धरून त्या यंत्रणेची चाचणी कोणी घेतलीच नव्हती.

यावर काही उपाय निघाले आहेत. १९८८ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठातील बार्टन मिलर हे वादळी रात्री घरून दूरध्वनीच्या तारेवरून संगणकावर काम करीत होते. तारेतील खरखरीमुळे भलतीच अक्षरे आत जात, आणि चांगल्या नावाजलेल्या आज्ञावल्या त्यांनी कोलमडत. त्यातून मुद्दाम वेडीवाकडी माहिती भरून आज्ञावलीला सतावण्याची पद्धत निघाली. रेल्वेच्या उदाहरणात बोलायचे, तर वयाच्या रकान्यात उणे तीन, कोरी जागा किंवा एखादे नाव भरून पाहायचे. दुसरा उपाय १९७० च्या दशकातला: आज्ञावलीत हेतुपुरस्सर लहान लहान चुका पेरायच्या आणि चाचण्यांना त्या सापडतात की नाही, ते पाहायचे. ही खरोखर परीक्षकाचीच परीक्षा. आज्ञावलीच्या शंभरपैकी किती ओळी चाचणीत चालल्या, या टक्केवारीवर अनेक कार्यालये समाधान मानतात; ओळ चालली म्हणजे ती बरोबर चालली, असे नव्हे, हे या पेरलेल्या चुका लगेच दाखवून देतात. त्यांना फार वेळ लागतो, म्हणून त्या मागे पडल्या.

अलीकडे चाचण्या लिहिण्याचे कामही कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपविले जाऊ लागले आहे. पुण्याच्या हिंजवडीत, बंगळूरात, हैदराबादेत जे तरुण-तरुणी आज टेस्टर म्हणून काम करतात, त्यांच्या मनात यामुळे चिंता असणे स्वाभाविक आहे. बटणे दाबून पाहण्याचे काम कमी होणार, यात शंका नाही. परंतु आज्ञावली वाचून तिच्याच आधारे चाचणी लिहिणारे यंत्र बहुधा ती आज्ञावली जे करते तेच बरोबर मानते. भाड्याच्या आज्ञावलीत बाराऐवजी चुकून तेरा लिहिले गेले असेल, तर चाचणीही तेराच अपेक्षील आणि हिरवी खूण दाखवील. रेल्वेचा नियम बारा म्हणतो, हे आज्ञावलीबाहेर, नियमाच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक काढून पाहणारा, आणि नियमातच संदिग्धता असेल तर संबंधित अधिकाऱ्याला जाऊन विचारणारा कोणी तरी लागतो.

क्राउडस्ट्राइकने ६ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात पुढील बंदोबस्त नोंदविला आहे. रकान्यांची आणि मूल्यांची संख्या जुळते की नाही, हे आज्ञावली तयार होतानाच तपासले जाईल. प्रत्येक रकान्यात निश्चित अट घालून चाचणी होईल. आणि पुरवणी एकदम जगभर न धाडता टप्प्याटप्प्याने पाठविली जाईल. ती केव्हा घ्यायची, याबाबत ग्राहकांनाही अधिक अधिकार राहील.