तीन खंडांतला बोभाटा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या उमरावांत एक अलिखित कायदा होता. लग्नानंतर हवं ते करा, फक्त बभ्रा होऊ देऊ नका. लेडी कॅरोलाइन लॅम्बच्या घरच्या बायकांनी तो चोख पाळला होता. आई हेन्रिएटाला तरुण मुत्सद्दी ग्रॅनव्हिल लेव्हसन-गोवरपासून दोन मुलं झाली. मावशी जॉर्जियाना, म्हणजे डेव्हनशरची डचेस, प्रियकर चार्ल्स ग्रेच्या मुलीला फ्रान्समध्ये जाऊन गुपचूप जन्म देऊन आली. सासू लेडी मेलबर्न तर या विद्येत पारंगतच. तिघींचाही दरबारी दिमाख शेवटपर्यंत टिकला. वाळीत पडली ती कॅरोलाइन, आणि तीही एका कादंबरीपायी.

१७८५ चा जन्म. एकोणिसाव्या वर्षी, १८०५ मध्ये, विल्यम लॅम्बशी लग्न झालं. मुलगा ऑगस्टस फेफऱ्याने आजारी; त्याला घराबाहेर कुठे ठेवायला ती तयार नव्हती, ही गोष्ट तिच्या भानगडी रंगवताना सहसा सांगितली जात नाही.

मार्च १८१२ मध्ये बायरनचं ‘चाइल्ड हॅरल्ड’ आलं आणि चोवीस वर्षांचा हा कवी रातोरात गाजला. कॅरोलाइन त्याच्यात इतकी गुंतली की त्याच्या बिऱ्हाडी शिरायला पोरसवदा नोकराचा वेश घालू लागली. ऑगस्टपर्यंत बायरन कंटाळला होता. घरच्यांनी तिला आयर्लंडला नेलं. तिथे त्याचं संबंध तोडणारं पत्र पोचलं. त्यावर मोहोर होती त्याच्या नव्या प्रेयसीची, लेडी ऑक्सफर्डची. त्याच हिवाळ्यात सासरच्या ब्रॉकेट हॉलच्या आवारात तिने होळी पेटवली. पांढऱ्या कपड्यांतल्या गावातल्या मुली भोवती नाचत होत्या आणि बायरनचा पुतळा जळत होता. सोबत त्याची पत्रंही जाळली, पण नकला! मूळ पत्रं तिने जपून ठेवली होती. पुढच्या उन्हाळ्यात एका नाचाच्या मेजवानीत तिने स्वतःला जखम करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांची चंगळ झाली.

बायरनने लग्न केलं ते तिच्याच सासूच्या भाचीशी, ॲनाबेला मिलबँकशी. ते वर्षभरात मोडलं. एप्रिल १८१६ मध्ये त्याने इंग्लंड सोडलं आणि दोनच आठवड्यांत, ९ मे रोजी, प्रकाशक हेन्री कोलबर्नने कॅरोलाइनची ‘ग्लेनार्व्हन’ तीन खंडांत बाजारात आणली. लेखिकेचं नाव नव्हतं, पण ते ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

कादंबरी १७९८ च्या आयरिश बंडात घडते. मेलं म्हणून समजलेलं मूल, वेशांतरं, खून, शाप असा सगळा मसाला आहे आणि कथानक बऱ्याचदा हाताबाहेर जातं. लोकांना त्याची फिकीर नव्हती. कोण कुणावर बेतलंय हे शोधण्यात त्यांना रस होता. बायरनचं ते निरोपाचं पत्र तिने कथेत वापरलं होतं. लेडी हॉलंड ‘मादागास्करची राजकन्या’ म्हणून त्यात हास्यास्पद होऊन अवतरली होती. पुस्तकाच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. तिच्या हॉलंड हाउसची दारं लेखिकेला बंद झाली. लेडी जर्सीने आल्मॅक्सच्या यादीतून तिचं नाव काढलं, आणि त्या क्लबात प्रवेश नाही म्हणजे लंडनमध्ये अस्तित्वच नाही. सासरच्यांनी विभक्त होण्याचा तगादा लावला, पण विल्यमने ते १८२५ पर्यंत लांबवलं.

बायरनने ती कादंबरी स्वित्झर्लंडमध्ये मादाम द स्तालकडून घेऊन वाचली. चित्र हुबेहूब कसं उतरणार, आपण पुरेसा वेळ बसलोच नव्हतो, असा शेरा त्याने पत्रात मारला.

पुढे तिने ‘ग्रॅहॅम हॅमिल्टन’ (१८२२) आणि ‘एडा रेइस’ (१८२३) लिहिल्या. बायरनच्या ‘डॉन जुआन’चं झकास विडंबनही निनावी छापलं. जानेवारी १८२८ मध्ये ती गेली, तेव्हा विल्यम डब्लिनहून धावत आला होता. तो नंतर लॉर्ड मेलबर्न म्हणून पंतप्रधान झाला. क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचं झालेलं मेलबर्न शहर त्याच्याच नावाचं.

‘ग्लेनार्व्हन’मधल्या देखण्या, घातकी नायकाचं नाव होतं क्लॅरेन्स द रुथव्हेन. बायरनचा एकेकाळचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी याने हे आडनाव उचलून आपल्या रक्तपिपासू उमरावाला दिलं. त्याची ‘द व्हॅम्पायर’ १८१९ मध्ये कोलबर्नच्याच मासिकात छापून आली, तीही बायरनच्या नावावर. ती आपली नव्हे, असा खुलासा बायरनला करावा लागला. पण लॉर्ड रुथव्हेन युरोपभर पसरला आणि पुढच्या वर्षी पॅरिस व लंडनच्या रंगभूमीवर उभाही राहिला.