जमीन सपाट करण्यापूर्वी



रब्बीचे पीक निघाले, वैशाखाचे ऊन तापू लागले, की गावोगाव एक काम हमखास निघते. उंचवटा फोडायचा, खळगा भरायचा आणि रान एका पातळीत आणायचे. पूर्वी हे काम बैलांच्या केणीने होई. त्याला दोन-दोन उन्हाळे लागत, म्हणून विचार करायलाही सवड मिळे. आता जेसीबी येतो आणि दिवस मावळायच्या आत शेताचे रूप पालटून जातो. काम सोपे झाले, तशी चूकही सोपी झाली.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. थोरल्या बंधूंनी चढणीचे एकरभर रान असेच एका दिवसात सपाट करून घेतले. वरची काळी माती खळग्यात गाडली गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. त्या भागात पुढे चार वर्षे ज्वारी गुडघ्यावर चढली नाही. शिवाय पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याने वाट बदलली आणि ते बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात शिरले. दोन पिढ्यांचा घरोबा, पण त्यानंतर दोन वर्षे बोलणे नव्हते.

म्हणून यंत्र बोलावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: माती, पाणी आणि बांध.

आधी माती. ‘जमीन माझी, तर खालचे सगळे माझेच,’ असे आपण म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे सरकारचा आहे. मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड ही गौण खनिजे होत. साध्या मातीचे जरा वेगळे आहे. केंद्र सरकारच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने बंधारे, रस्ते, लोहमार्ग व इमारती यांच्या बांधकामात भरावासाठी किंवा सपाटीसाठी वापरलेली माती गौण खनिज ठरवली. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एका प्रकरणात खुलासा केला, की नुसती माती खणली एवढ्याने काही ठरत नाही. ती कशासाठी वापरली हे पाहिले पाहिजे.

तेव्हा उंचवट्याची माती आपल्याच शेतात पसरणे वेगळे आणि मुरमाच्या गाड्या भरून रस्त्याच्या कामाला विकणे वेगळे. विकायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते, स्वामित्वधन भरावे लागते आणि वाहतुकीचा परवाना गाडीबरोबर असावा लागतो. हिशेब ब्रासवर होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, यंत्र व गाडीही अडकून पडते. शंका असली, तर तहसील कचेरीत आधी विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता पाणी. वरच्या रानातले पाणी उताराने खाली यायचेच. ते मध्येच भराव घालून अडवले आणि दुसऱ्याच्या पिकाचे नुकसान झाले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. ‘पाऊस संपल्यावर बघू’ म्हणत बसले, की मुदत निघून जाते.

तिसरा बांध. हद्दीचा दगड यंत्राच्या एका फटक्याने हलतो आणि भांडण मात्र नातवंडांपर्यंत पुरते. हद्दीबद्दल थोडाही संशय असेल, तर आधी भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मगच बांधाजवळ काम काढावे.

प्रत्यक्ष काम करताना वरची सुपीक माती आधी बाजूला काढून तिचा ढीग करावा, खालचा थर सपाट करावा आणि मग ती माती पुन्हा वर पसरावी. खर्च थोडा वाढतो, पण पीक वाचते. नवे बांध उताराला आडवे घालावेत. जादा पाणी जायला दगडी सांडवा ठेवावा. नवी भर पावसात दबते, हेही ध्यानात धरावे.

डोंगराच्या पायथ्याला तर फारच जपावे. पायथा कापला, की वरच्या मातीचा आधार जातो. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. अतिवृष्टी हे तेथील मोठे कारण होतेच. उतारावरच्या सपाटीकरणाचा त्यात किती वाटा, याचीही पुष्कळ चर्चा झाली. तो वाद बाजूला ठेवला, तरी तीव्र उतारावर जाणकाराला विचारल्याशिवाय यंत्र चढवू नये, एवढे तरी आपण शिकावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पहिल्या पावसानंतर मुलांना शिवारात न्या आणि पाणी कोठून येते, कोठे जाते, हे कागदावर काढायला सांगा. तो कागद गावाच्या उपयोगी पडेल.

आमच्या बंधूंचे पुढे काय झाले? तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारी आणि ते बांधावर समोरासमोर उभे राहिले आणि दोघांच्या खर्चाने तेथे सांडवा बांधला. आता पाणी आपल्या वाटेने जाते आणि दोघांची न्याहारी बांधावर एकत्र होते. हा सांडवा आधीच बांधला असता, तर दोन वर्षांचा अबोला टळला असता.