औषधोपचाराचा वाढता खर्च

बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या पट्टीवर आडत किती, हमाली किती, हे वेगळे लिहावे लागते. इस्पितळाच्या बिलात असा उलगडा क्वचितच होतो. सन २०१६ मध्ये आमच्या वडीलबंधूंच्या हृदयात स्टेंट बसविला, तेव्हा त्या एका नळीस लाखावर रुपये मोजले; त्या घटकेस भाव विचारण्याचे धैर्य कोणास होते? माल निवडणार डॉक्टर, पैसे देणार रोगी. मग चढाओढीने भाव उतरावा कसा? फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. काही परदेशी कंपन्यांनी आपला माल परत नेण्याची परवानगी मागितली. (टंचाईची ही धमकी आपणां व्यापाऱ्यांस नवी नाही!) परंतु खोलीभाडे व शस्त्रक्रियेचे शुल्क त्या आदेशाबाहेरच राहिले, आणि उतरलेला भाव तिकडून वसूल करण्यास वाट मोकळी राहिली.