त्रेसष्ट सेंटिमीटरची ‘गोदावरी’

पहाटे ५.३०
राजुरीत जानेवारीची थंडी आहे. तात्या कानटोपी घालून गोठ्यात शेण ओढतायत. दोन एचएफ गाई. धारा काकू काढतात. आधी तात्याच काढायचे. पण धार काढली की बोटं दोन तास ताठतात आणि ताठलेल्या बोटांनी चिमटा धरता येत नाही. म्हणून वाटणी झाली. वैरण, शेण, पाणी तात्यांकडं, धार काकूंकडं. यात काकूंचा तोटा झाला, असं काकूंचं म्हणणं आहे. मलाही तसंच वाटतं.

सहाला किटल्या मोटारसायकलला अडकवून तात्या डेअरीवर जातात. फॅट लागेल तसा भाव.

सकाळी ७.१५
कांद्याच्या चाळीचा अर्धा भाग पत्रा मारून वेगळा केलाय. चाळ हवेशीर असते, कांद्याला ते बरं, रंगाला वाईट. म्हणून फटींवर जुनी फ्लेक्स ठोकलीत. एका बाजूनं कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुसऱ्या बाजूनं द्राक्षाच्या औषधाची जाहिरात. मध्ये शाळेतून मोडीत काढलेला बाक. त्यावर आयएनएस ‘गोदावरी’ या युद्धनौकेचं मॉडेल.

तात्या माझगाव डॉकमध्ये होते. शीट मेटलचं काम. घोडपदेवला गावकीच्या खोलीत राहायचे. आधी ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर, मग कायम. ‘गोदावरी’ १० डिसेंबर १९८३ला नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्या आतले हवेचे डक्ट बसवणाऱ्यांत हेही होते. माझगाव डॉकनं त्याआधी ‘निलगिरी’ आणि तिच्या बहिणी बांधल्या होत्या, त्या ब्रिटिश लिअँडर आराखड्यावर. ‘गोदावरी’ त्याच आराखड्यावरून पुढं नेलेली, पण आखणी आपली.

“पन आमी पोटातली मानसं,” तात्या म्हणतात. “भाईरून बोट कशी दिसती ते रिटायर झाल्यावं बगितलं. फोटूत.” नाव छापू नका, एवढं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

हिशेब सोपा ठेवलाय. प्रमाण दोनशेला एक. म्हणजे मीटरला पाच मिलिमीटर. बोट एकशे साडेसव्वीस मीटर, मॉडेल त्रेसष्ट सेंटिमीटर आणि वर थोडं. रुंदी साडेचौदा मीटरची सव्वासात सेंटिमीटर. डेकवर उभा माणूस साडेआठ मिलिमीटरचा, बासमतीच्या दाण्याएवढा.

सांगाडा शिवणीच्या लाकडाचा. फळ्या एकावर एक फेविकॉलनं चिकटवायच्या, प्रत्येक फळी पाण्याच्या रेषेच्या आकारात आधीच कापलेली. मग पायऱ्या पायऱ्या दिसतात. त्या रंध्यानं, पटाशीनं, कानशीनं उतरवायच्या आणि पुठ्ठ्याचे फर्मे लावून बघत राहायचं. फर्मा आणि लाकूड यांच्यातून उजेड दिसला की पुन्हा कानस. ते काम गेल्या महिन्यात उरकलं. आज रेलिंग आहे.

सकाळी ७.४०
डेकच्या कडेचा कठडा माणसाच्या कमरेच्या जरा वर, मीटरभर. म्हणजे पाच मिलिमीटर. त्यात तीन आडव्या तारा. दर साडेसात मिलिमीटरला एक खांब. दोन्ही बाजूंचे मिळून दीडशेच्या वर खांब होतात, आणि प्रत्येक खांबाला तीन डाख.

तार आळेफाट्याच्या मोटर वायंडिंगच्या दुकानातून येते. छताच्या पंख्यात असते ती ३६ गेजची, केसाहून जाड. जळालेल्या पंख्याची असेल तर फुकट, पण तिच्यावरचा वॉर्निश खरवडताना तुटते. नवी असेल तर वजनावर विकत. तात्या नवी घेतात. “फुकटची तार म्हागात पडती.”

लाकडाच्या ठोकळ्यावर करवतीनं खाचा पाडल्यात. खाचांत खांब बसवायचे, वरून तीन तारा ताणून खिळ्यांना गुंडाळायच्या. ब्लेडनं प्रत्येक सांध्यावरचा वॉर्निश काढायचा. फ्लक्सचा ठिपका. मग सोल्डरिंगची पंचवीस वॅटची इस्त्री, तिच्या टोकाला कथलाचा इतकुसा थेंब, स्पर्श, उचल. स्पर्श लांबला तर शेजारचा डाख सुटतो. मी घड्याळ लावून बसलो नाही, पण चहा येईपर्यंत सहा खांब झाले होते. चहा निवला.

हेच रेलिंग पितळी पत्र्यात ॲसिडनं कोरलेलं तयार मिळतं. परदेशातून मागवावं लागतं. तात्यांनी एकदा चौकशी केली, पत्रा आणि टपाल मिळून जो आकडा आला त्यात गाईचं पेंडीचं पोतं येत होतं. पोतं आणलं.

सकाळी ९.२०
लाईट गेली. इस्त्री गार. ठोकळ्यावर अठरा खांब. तात्या चिडत नाहीत, चष्मा काढून डोळ्यांना पाणी लावतात. दोन चष्मे आहेत. एक नेहमीचा, एक त्यावर चढवायचा, घड्याळजीचं भिंग जोडलेला.

सकाळी १०.००
मोटारसायकलवरून आळेफाटा. कल्याण-नगर रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर. फाट्यावर तीन कामं.

पहिलं, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. नौदलाची फिकट राखाडी डब्यात मिळत नाही. पांढऱ्यात काळा थेंबाथेंबानं मिसळायचा, मग निळ्याची एक टिपकी. पेंटर पत्र्याच्या तुकड्यावर पट्टी ओढतो, तात्या मोबाइलमधल्या फोटोशेजारी धरतात. उन्हात एक दिसतो, सावलीत दुसरा. पाव लिटर रंग, पुट्टी, थिनर, पॉलिश पेपर चारशे नंबर आणि हजार नंबर. सातशे चाळीस रुपये. पेंटर चाळीस सोडतो.

दुसरं, फ्लेक्स-बोर्डाचं दुकान. ॲक्रिलिकची पेटी ठरवायची आहे. काच जड जाते, वाटेत फुटते. सत्तर लांब, अठरा रुंद, तीस उंच. बत्तीसशे सांगतो. कमी होत नाही. सनबोर्डाचे तुकडे मात्र फुकट देतो. बोटीवरची निम्मी केबिनं या फुकट तुकड्यांचीच आहेत, यात निवडणुकीच्या बोर्डाचेही असतील.

तिसरं, खोट्या दागिन्यांचं दुकान. सगळ्यांत बारीक साखळी हवी. दुकानातली बाई विचारते, “कोणासाठी?” तात्या म्हणतात, “नांगरासाठी.” तिला वाटतं, शेतीचा. वीस रुपये.

दुपारी १२.१५
बाजरीची भाकरी, मेथी, ठेचा. जेवताना काकू हिशेब काढतात. हा हिशेब त्यांना पाठ आहे.

या मॉडेलचे चोवीस हजार ठरलेत. लाकूड बाराशे. प्लास्टिक आणि पत्रा सहाशे. रंग, आजचे धरून, एकोणीसशे. पेटी बत्तीसशे. खालची सागवानी फळी नऊशे. तार, कथील, फेविक्विक, ब्लेडं, सटरफटर सातशे. साडेआठ हजार गेले. राहिले साडेपंधरा. काम दीड महिन्याचं.

“दिसाला साडेतीनशे बी पडत न्हाईत,” काकू सांगतात. “माज्याकडं खुरपायला बाया येत्यात, त्यांना चारशे देती मी. आन दुपारच्याला च्या.”

“मला बी च्या मिळतो की,” तात्या म्हणतात.

पेन्शन किती, ते मी विचारलं नाही. वर्षाला चार-पाच मॉडेलं होतात. कधी निवृत्तीच्या समारंभाला भेट म्हणून, कधी एखाद्या शाळेच्या काचेच्या कपाटासाठी. ‘विक्रांत’ सगळ्यांना हवी असते. पण या प्रमाणात ती मीटरभराहून लांब जाते, पेटीच दाराबाहेर निघत नाही.

दुपारी १.३०
लाईट आहे, पण तात्या आता तोफा घेतात. पुढच्या डेकवर दोन नळ्यांची ५७ मिलिमीटरची तोफ. खऱ्या नळीची लांबी चार मीटरच्या वर, इथं एकवीस मिलिमीटर. त्यासाठी इंजेक्शनची सुई. जनावरांच्या डॉक्टरांची सुई फार जाड, ती टॉर्पेडोच्या नळीला चालेल. तोफेला माणसांच्या डॉक्टरांची बारीक सुई. टोक कानशीनं सपाट करायचं. नळीला भोक आपोआप असतंच, तेवढं एक काम वाचतं.

तोफेच्या दोन्ही अंगांना क्षेपणास्त्रांच्या मोठ्या नळकांड्या, एकूण चार. स्केचपेनची रिकामी नळी कापून. क्षेपणास्त्रं रशियन, सांगाड्याची वंशावळ ब्रिटिश, बांधणी मुंबईची. हे सगळं एका बोटीत बसवलं, याचं त्या काळात जाणकारांना नवल वाटलं होतं. मागं दोन सी किंग हेलिकॉप्टरं मावणारं हँगर. सी किंगच्या मोठ्या पंख्याला पाच पाती, पसारा जवळजवळ एकोणीस मीटर. उघडा ठेवला तर इथं साडेनऊ सेंटिमीटर, बोटीच्या रुंदीपेक्षा जास्त. म्हणून एक हेलिकॉप्टर पाती मिटून हँगरच्या तोंडाशी उभं करायचं.

दुपारी २.४५
फोन. गिऱ्हाईक. सातारा जिल्ह्यातले निवृत्त नौसैनिक, ‘गोदावरी’च्या बॉयलर रूममध्ये होते. ही बोट वाफेवर चालायची. त्यांना तोफेचं काही पडलेलं नाही. बॉयलर रूममधून वर यायचं झाकण डेकवर कुठं होतं, ते दाखवणार ना, एवढंच विचारतात. तात्या लगेच जागा सांगतात. मग दोघं बराच वेळ आतल्या उकाड्याबद्दल बोलतात. एकानं तिथं डक्ट बसवला, दुसरा त्या डक्टखाली उभा राहायचा. “हवा कमी यायची,” पलीकडून तक्रार येते. तात्या म्हणतात, “ड्रॉइंगप्रमानंच लावला व्हता.”

फोन ठेवून ते हवेच्या तोंडांच्या टोप्या करायला घेतात. दीड-दोन मिलिमीटरच्या. टाचणीच्या डोक्याला सनबोर्डाची चकती. फोटोत त्या दिसतही नाहीत. ऑर्डरमध्ये नाहीत. पैसे वाढणार नाहीत. मॉडेल करणाऱ्या शंभरातले नव्व्याण्णव इथं दोन-चार ठिपके लावून मोकळे होतील, आणि पाहणाऱ्याला कळणारही नाही. तात्या प्रत्येक टोपी कोणत्या कप्प्याची ते पुटपुटत बसवतात. मला हे काम तोफेपेक्षा मोठं वाटलं.

दुपारी ४.००
वारा पडला. रंग आत्ताच. सांगाड्याला प्राइमर कालच बसलाय. आधी पाण्याची रेषा. पेन्सिल एका ठोकळ्याला सव्वादोन सेंटिमीटर उंचीवर बांधायची, बोट सपाट काचेवर पक्की करायची आणि ठोकळा तिच्याभोवती फिरवायचा. पेन्सिल आपोआप एका पातळीत रेघ मारते. रेघेच्या खाली तांबडा, रेघेवर काळा पट्टा, वर राखाडी.

फवारणीला जुन्या फ्रीजचा कंप्रेसर. रिपेअरवाल्याकडून सहाशेला. त्याला आग विझवायच्या नळकांड्याची रिकामी टाकी जोडली आहे. तोंडाला रुमाल. एक हात पातळ, पंधरा मिनिटं थांबायचं, दुसरा हात. जाड बसला तर खिडक्यांच्या कडा बुजतात. दुसऱ्या हातानंतर एक चिलट येऊन डेकवर बसलं. तात्या काढत नाहीत. वाळू द्यायचं, मग हजार नंबरचा कागद.

संध्याकाळी ५.३०
शेजारचा मुलगा, नववीतला. हातात पुण्याहून आणलेला प्लास्टिक किट, मिग-२१, बहात्तरला एक. पंख जोडून झालेत, सांध्यात फट राहिली आहे. तात्या पुट्टी देतात, रागावत नाहीत.

मिग-२१ भारतात १९६३ला आलं. पुढं नाशिकजवळ ओझरला एचएएलनं बांधलं, २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला निरोप मिळाला. पोराचे मामा ओझरकडं असतात, म्हणून त्याला तेच हवं. तो विचारतो, तुमचं दोनशे आणि माझं बहात्तर का? तात्यांचं उत्तर, “टेबल केवढं त्यावं.” उत्तर बरोबरच आहे. बहात्तरचा उगम मात्र इंचात. सहा फुटाला एक इंच. दुसऱ्या महायुद्धात विमानं ओळखायला शिकवण्यासाठी या मापाची मॉडेलं लागत. १९४२ला अमेरिकी नौदलानं शाळेतल्या पोरांकडून तसली पाच लाख लाकडी विमानं मागितली होती. त्या पोरांना पुट्टी कोण देत होतं कोण जाणे.

साडेसहाला मुलाला घरी पिटाळतात. ऊस जवळ आहे, बिबट्या आहे. तात्या बॅटरी घेऊन त्याच्या दारापर्यंत जातात.

रात्री ८.३०
आता फक्त बघायचं काम. मोबाइलमध्ये फोटो मोठे करून. सरकारी आराखडे मिळत नाहीत, मिळायलाही नकोत. फोटोंवरच सगळी भिस्त. आणि फोटो एकमेकांशी भांडतात. एकात डेकवर एक पेटी आहे, दुसऱ्यात नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत बोट कितीदा बदलली असेल. गिऱ्हाइकाला १९९० सालची ‘गोदावरी’ हवी आहे, कारण तेव्हा ते तिच्यावर होते. फोटो कोणत्या सालचा, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. तात्यांनी वहीत प्रश्न काढून ठेवलेत, सतरा झालेत. बोटीलाच विचारावं तर तेही नाही. ‘गोदावरी’ २३ डिसेंबर २०१५ला सेवेतून निघाली, तिच्या बहिणींपैकी ‘गंगा’ २०१८ला, ‘गोमती’ २०२२ला.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी माझगाव डॉकमध्ये, गोदीत किंवा नौदलात असेल आणि ट्रंकेत बोटीपुढं उभं राहून काढलेला फोटो असेल, तर त्यांना विचारून त्याच्यामागं पेन्सिलीनं लिहून ठेवा. बोटीचं नाव, साल, बंदर, आणि दिसतेय ती बाजू डावी की उजवी. बॉलपेननं लिहू नका, पुढच्या बाजूला उमटतं.