कागदाची पांढरी किनार

विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही चंद्राचे मोठे चित्र करायला घेतले. ए-४ आकाराच्या चार कागदांवर लेझर प्रिंटरने चार भाग छापायचे आणि जोडायचे, असा बेत होता. जोडल्यावर चंद्राच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारखा पांढरा पट्टा दिसू लागला! प्रत्येक कागदाची सुमारे ४ मिलिमीटर किनार कोरीच राहिली होती. असे का व्हावे?

लेझर प्रिंटरमध्ये पातळ शाई नसते. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक पूड. फिरत्या ड्रमवर विद्युतभार दिलेला असतो. लेझर किरण जिथे पडतो तिथला भार कमी होतो आणि टोनर नेमका तिथे चिकटतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, त्याच स्थिर विद्युतेचा हा खेळ. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये या तत्त्वावर पहिली प्रतिमा उमटवली. पुढे, कागदामागच्या रुळावरील विरुद्ध भारामुळे टोनर ड्रमवरून कागदावर येतो. शेवटी सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापलेल्या रुळाखाली तो वितळून कागदाला धरून बसतो.

आता कडेचा विचार करू. कागद दर वेळी अगदी त्याच जागी येत नाही, थोडा इकडेतिकडे सरकतो. चित्र कडेपर्यंत नेले तर काही टोनर कागदाबाहेर, मागच्या रुळावर पडेल आणि पुढच्या कागदांची पाठ काळी करील. शिवाय वितळलेला टोनर चिकट असतो. कागदाची पुढची कड कोरी असली की ती तापलेल्या रुळापासून सहज सुटते. तिथेच टोनर असेल तर कागद रुळाला गुंडाळला जाऊन अडकू शकतो. म्हणजे कोरी किनार हा दोष नसून ती यंत्राची गरज आहे. कागद मोठा असल्याचे प्रिंटरला भासवून ती टाळू नये.

मग उपाय? छापखान्यातलाच: मोठ्या कागदावर छापा आणि कापा. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिमी. चित्र चारी बाजूंनी ३ मिमी वाढवून २१६ × ३०३ मिमीचे करावे, ए-३ कागदावर छापावे आणि मूळ मापाला कापावे. पाते किंचित सरकले तरी पांढरी रेघ राहत नाही. या जादा पट्टीला ‘ब्लीड’ म्हणतात.

आमच्याकडे ए-३ प्रिंटर नव्हता. आम्ही चंद्राचे भाग २०२ × २८९ मिमीचे करून पुन्हा छापले आणि किनारी कापल्या. चंद्र थोडा लहान झाला, पण अखंड दिसला. यात किती टक्के कागद वाया गेला, ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर सहाहून थोडे अधिक येईल.