कुर्डुवाडीचा सांधा आणि मालवाहू अवकाशयाने

मालवाहतुकीची खरी कसोटी दोन मार्गांच्या सांध्यावर लागते. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते, तर कुर्डुवाडीस तिला मिळणारा मुंबई-मद्रास मार्ग साडेपाच फूट रुंदीचा होता. साहजिकच एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर जात नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे.

अवकाशस्थानकास रसद पुरविणाऱ्या मानवरहित यानांपुढेही सांध्याचाच प्रश्न असतो. या पुरवठ्याचा आरंभ जानेवारी 1978 मध्ये झाला. सोव्हिएत 'प्रोग्रेस 1' हे यान सुमारे 2,300 किलोग्रॅम माल घेऊन 'सॅल्यूत 6' या स्थानकास आपोआप जोडले गेले. त्यातील इंधन सांध्यामधील नळ्यांवाटे स्थानकाच्या टाक्यांत भरण्यात आले.

पुढे दुसरी रीत आली. 2009 मध्ये जपानचे 'एचटीव्ही' आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकापासून दहा मीटरवर येऊन थांबले आणि स्थानकाच्या यांत्रिक हाताने ते धरून द्वाराशी बसविले. पहिल्या क्रियेस 'संधान' व दुसरीस 'धारण' म्हणणे योग्य होईल. दोहोंस 'जोडणी' हा एकच शब्द योजल्यास महत्त्वाचा भेद झाकला जातो. संधानात यान स्वतःच्या गतीने येऊन भिडते; म्हणून आघात सोसणारी यंत्रणा द्वारापाशीच ठेवावी लागते व द्वार लहान राहते. प्रोग्रेसचे द्वार सुमारे 80 सेंटिमीटर व्यासाचे आहे. धारणात असा आघात होत नाही. त्यामुळे सुमारे सव्वा मीटर रुंदीचे चौकोनी द्वार ठेवता येते व कपाटाएवढे प्रयोगसंच त्यातून आत नेता येतात. उलटपक्षी, धारणास यांत्रिक हात व तो चालविणारा लागतो. संधान निर्मनुष्य स्थानकाशीही साधते.

हा विचार भारतासही प्रस्तुत आहे. 16 जानेवारी 2025 रोजी 'स्पॅडेक्स' प्रयोगातील दोन भारतीय उपग्रहांचे कक्षेत संधान झाले. 2035 पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. संधानयंत्रणेचे आंतरराष्ट्रीय मानक 2010 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्याच्याशी जुळणारे द्वार ठेवल्यास अन्य देशांची यानेही तेथे रसद आणू शकतील; वेगळे माप स्वीकारल्यास प्रत्येक वेळी मधे जोडतुकडा बसवावा लागेल. हा निर्णय आरंभीच व्हावयास हवा, कारण सांध्याचे माप मागाहून बदलणे फार कठीण असते. कुर्डुवाडी-बार्शी मार्ग रुंद होऊन पुन्हा खुला झाला तो 2008 मध्ये, म्हणजे 111 वर्षांनी.