टीम विखुरते तेव्हा

आयटीत ‘रिऑर्ग’चं वारं सुटलं की कामात कुणाचंच लक्ष राहत नाही. आमच्या पुण्यातल्या कंपनीत डिझाइनचं वेगळं खातं मोडून डिझाइनरना प्रॉडक्टच्या टीममध्ये वाटायचं ठरलं. तेव्हा माझ्या टीममधल्या सगळ्यांचे प्रश्न साधे होते: मॅनेजर कोण आणि बसायचं कुठे? अधिकृत मेल यायच्या आधी मी एकेकाला बोलावून उत्तरं दिली. जे ठरलं नव्हतं, ते ठरलेलं नाही असंच सांगितलं. ‘सगळं छान होईल’ म्हणणाऱ्या मॅनेजरवर अशा वेळी कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

या वाटणीमागे विचार आहे. स्वीडनच्या स्पॉटिफायमधल्या रचनेवरचं एक टिपण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि अनेक कंपन्यांनी ती रचना उचलली: छोट्या, स्वतंत्र टीम, वेगवेगळी कामं येणारी माणसं एकत्र. डिझाइनर प्रोग्रॅमरशेजारी बसला की काम भराभर सरकतं, हे खरंच आहे. पण एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांनी टीमच्या सीमा ओलांडून नियमित भेटावं, अशी सोयही त्याच टिपणात होती. तिचा विसर लवकर पडतो.

संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांनी घडवलेल्या प्रणालीची रचना होते, हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच लिहिलं होतं. आमच्या ॲपमध्ये ते डोळ्यांना दिसलं. एका टीमनं मराठी बटणांवरची अक्षरं व्यवस्थित बसवली होती. दुसरीनं ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली. ‘नोंदणी पूर्ण करा’मधला ऊकार खालून कापला गेला, रफार वरून, स्वस्त मोबाइलवर वाचता येत होतं ‘नोंदणी पण करा’. दोन्ही टीम एकाच मजल्यावर बसत होत्या.

म्हणून सगळ्या डिझाइनरची दर गुरुवारची दुपारची बैठक मी हट्टानं चालू ठेवली. तिथे अर्धवट कामच आणायचं. ज्याचं काम, त्यानं आधी आपण कुठे अडलो ते सांगायचं. बाकीच्यांनी नुसतं ‘छान’ किंवा ‘नाही आवडलं’ म्हणायचं नाही, कारण द्यायचं. नवी मुलं सुरुवातीला बिचकतात. मग अनुभवी डिझाइनर स्वतःचा कच्चा स्क्रीन पुढे करतात आणि खोली मोकळी होते. दुपार फुकट जाते अशी प्रॉडक्ट मॅनेजरांची तक्रार होती. त्यांच्या हातात मी तो मोबाइल दिला. पुढच्या गुरुवारी त्यांच्यातले दोघं प्रोग्रॅमरना घेऊन आले आणि ओळीची उंची सगळ्या टीमसाठी एकच ठरली.

एक लढाई बाकी आहे. अप्रेझल आता प्रॉडक्ट मॅनेजर करतात. त्यांना संपवलेले स्क्रीन मोजता येतात, दुसऱ्याचा स्क्रीन सुधारण्यात घातलेला वेळ दिसत नाही. त्याची वेगळी नोंद व्हावी, असं मी एचआरला लेखी कळवलं आहे. होकार येईपर्यंत मी मागे लागणार आहे.